आवाज आधी

हॅलिफॅक्सच्या चढावरचं घर, माडीवरची माझी खोली.
मी टेलिफोनवरची दुभाषी.
कॉव्हेंट्रीच्या कुठल्याशा वॉर्डात एक आजी,
मूळच्या मुरगूडच्या, लेकीकडे आलेल्या.
डॉक्टर विचारतो, इथं दाबलं की दुखतं का?
आजी म्हणतात, "दुखत..."

पुढचं "नाही" कुठं गेलं?

खालच्या खोलीत कॅलमचा गेम अपडेट होत होता,
चौऱ्याण्णव जीबी.
मी पुन्हा विचारलं, निभावलं तेवढ्यावर.
पण रात्री कूस बदलली की दिसायचं,
ते एवढंसं "नाही" तारेत ताटकळलेलं
आणि पुढे ड्रॅगनच ड्रॅगन,
एकेका खवल्याचं चित्र घेऊन रांगेत उभे.

शनिवारी डोरीनबाईंना विचारलं.
"ते डबडं बिघडलं तर माझा फोन जाईल," त्या म्हणाल्या.
खरंच होतं. लँडलाइन आता त्यातच खोचलेली.
राऊटर उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून
तळाचा पासवर्ड वाचला,
शून्य की ओ यात दहा मिनिटं गेली.

यादी उघडली. घरात माणसं चार, उपकरणं सतरा.
त्यात एक किटली.
किटलीला काय बोलायचं असतं जगाशी?

नियम पहिला : आवाज आधी.
मग डोरीनबाईंच्या गळ्यातलं लाल बटण आठवलं,
पडल्या तर दाबायचं,
म्हणून त्याला पहिल्याच्याही वर घातलं.
कॅलमचे ड्रॅगन सगळ्यात खाली.
तेस्फालेम टॉफीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला,
दर रविवारी अस्माराला आईशी बोलतो.
म्हणाला, "माझं शेवटी चालेल."

माझे वडील पाटकरी होते.
जो असं म्हणतो त्याचं रान कालव्याच्या शेवटाला असतं,
हे मला शाळेच्या आधीपासून ठाऊक.
तेस्फालेमला वर घेतलं.

आता वेगाचा रकाना.
तार देते छत्तीस. मी भरले एकतीस.
काठोकाठ चारी कुणाच्याच ताब्यात नसते, वडील म्हणायचे,
बोटभर रिती ठेव, मग पाणी तुझं ऐकेल.
छत्तीस मागितले की रांग लागते
कोपऱ्यावरच्या कंपनीच्या हिरव्या पेटीत,
तिथं माझं कोण ऐकणार?
एकतीस मागितले की ती माझ्या उंबऱ्याच्या आत लागते.

कॅलमनं स्पीड मोजला. "पाच चोरलेस तू."
हो, चोरले. त्यांचा बांध घातला.
तो बडबडत गेला, आणि तासाभरानं
गेम अडखळत नाहीये हे त्यानं मला सांगितलं नाही,
डोरीनबाईंना सांगितलं.

मंगळवारी दुसरं शहर, दुसरी बाई.
लाइन इतकी स्वच्छ
की पलंगाभोवतीच्या पडद्याच्या कड्या सरकलेल्या ऐकू आल्या,
कुणीतरी पेनाचं टोपण लावलेलंही.
डॉक्टर सावकाश बोलली :
वर्षं नाही. महिने.

या वेळी "नाही" वेळेवर पोचलं,
अख्खं, कुठंही न खरचटता.

राऊटर उशिरा आलेला शब्द टाकून देऊ शकतो.
मला ती मुभा नाही.
काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही,
क्रम बदलायचा नाही, असं लिहून दिलंय मी.
माझ्या मागं रांग नव्हती, पुढं ड्रॅगन नव्हते,
एकतीसच्या एकतीस माझ्यासाठी मोकळे,
आणि तो शब्द माझ्या जिभेवर थांबला.
किती? एक श्वास असेल. दोन.

"हॅलो," बाई म्हणाल्या,
"लाइन कट झाली का हो?"

नाही, म्हटलं.
आहे मी. ऐकू येतंय.